अंड्याच्या वासाची गोळी

आमच्या गावात बसमधून नवखा माणूस उतरला की आधी शिंकतो आणि मग रिक्षा शोधतो. निपाणीच्या हवेत तंबाखू असतो. आम्हाला तो जाणवत नाही, कारण आम्ही त्यातच वाढलो. घरातल्या एकट्या आप्पांना तो जाणवायचा, आणि त्यांना पगार मिळायचा तो त्याचाच.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एका तंबाखूच्या वखारीत मिश्रण ठरवायचे. विडीची एक चव असते आणि ओढणाऱ्याला ती दरवर्षी तशीच लागते. तंबाखू मात्र दरवर्षी तसाच येत नाही. काळ्या रानातला वेगळा, माळावरचा वेगळा, काढणीच्या वेळी ढग आलेले असले तर आणखी वेगळा. आप्पा प्रत्येक ढिगातली चिमूट तळहातावर चुरायचे, डोळे मिटून नाकाशी न्यायचे आणि कुठल्या ढिगातलं किती घ्यायचं ते सांगायचे. वखारीत त्यांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. मुनीम विचारायचा, "नाक आलं का?" आणि नाक आल्याशिवाय हमाल पोत्याला हात लावत नसत.

या नाकाची बडदास्त आमच्या घरात एखाद्या जावयासारखी होती. आप्पांनी आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखू मळला नाही. सुगीच्या दिवसांत ते कच्चा कांदा खात नसत. लग्नात कुणी अत्तर लावायला आलं की हात मागं घेत. आणि ते वखारीला जाईपर्यंत आमच्या देवापुढं उदबत्ती लागत नसे. आईला हे फार लागायचं. ती माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. "देवानं काय पाप केलंय गं? जगाच्या देवाला उदबत्ती आणि माझ्या देवाला न्हाय," असं ती मला म्हणायची, आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं. आप्पांनी चपला घातल्या की ती काडी ओढायची.

पण आईचंही एक राज्य होतं. आप्पा मटण खायचे आणि आई माळकरी, तेव्हा घराच्या मागं परड्यात एक वेगळी चूल होती. तिच्या शेजारच्या कोनाड्यात मटणाची भांडी: एक पातेलं, एक पळी, दोन ताटल्या, एक पेला. ती भांडी उंबऱ्याच्या आत येत नसत. रविवारी आप्पा तिथं स्वतः रांधायचे, स्वतः घासायचे आणि चूळ भरून मगच घरात यायचे. आमच्या भागात अशी पुष्कळ घरं आहेत आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. नवरा परड्यात, देव आत, आणि दोघांचंही बरं चाललेलं.

मी इथल्याच एका हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवते. लग्न होऊन बेळगावला गेले होते, ते जमलं नाही, परत आले. ती गोष्ट इथं नको.

आप्पांचा खोकला जुनाच. वखारीतल्या धुळीत हयात काढलेल्या माणसाला खोकला असायचाच, असं आम्ही धरून चाललो होतो. चौकातल्या औषधाच्या दुकानातून ते खोकला थांबवणारं एक औषध आणायचे. ते घेतलं की खोकला थांबायचा आणि आप्पांना झोप लागायची, म्हणून ते गुणकारी ठरलं. खोकला थांबला तरी कफ आतच राहतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी मुलांना श्वसनसंस्था शिकवते. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप भरला, दम लागला, आणि मी त्यांना बेळगावला छातीच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण बाई होती, बोलणं कन्नड. आप्पा तिच्याशी कन्नडमध्ये बोलले आणि पहिल्याच वाक्यात तिला खूश करून टाकलं, ही त्यांची जुनी खोड. ती त्यांना "अज्जा" म्हणायला लागली. विडी किती ओढता, हे तिनं तीनतीनदा विचारलं. ओढत नाही यावर तिचा विश्वास बसेना. मग तिनं फोटो दाखवला. फुफ्फुसातल्या नळ्या जागोजाग सैल होऊन रुंद झाल्या होत्या, कफ त्यात साचून घट्ट होत होता, आणि साचलेल्या कफात पुन्हापुन्हा जंतू वाढत होते.

"खोकला थांबवायचा नाही, अज्जा," ती म्हणाली. "कफ पातळ करायचा. पातळ झाला की खोकून बाहेर काढायचा. ते दुकानातलं औषध बंद."

आप्पा म्हणाले, "काकवीगत झालंय म्हणा की. थंडीत भांड्याला धरून बसती, जरा ऊन दावलं की सुटती."

"बरोबर," ती म्हणाली. काकवी तिला माहीत होती.

मग तिनं सगळं मांडून सांगितलं. पाणी भरपूर प्यायचं. मशीनमधून मिठाच्या पाण्याची वाफ घ्यायची. कमरेखाली उशी घेऊन कुशीवर पडायचं आणि घरातल्या कुणीतरी पाठीवर थापटायचं. आणि रोज सकाळी एक गोळी, अर्धा पेला पाण्यात विरघळवून. ही गोळी कफातले चिकट धागे तोडते, म्हणाली. बरं करत नाही, वाट मोकळी ठेवते. ही औषधं काही जणांना फार उपयोगी पडतात, काही जणांना बेताचीच, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा बघू. वखार मात्र बंद.

या शेवटच्या वाक्याला आप्पांना कन्नड येईनासं झालं.

थापटण्याचं काम आईनं घेतलं. डॉक्टरबाईंनी मला तळवा खोलगट करून दाखवला होता, म्हणजे आत हवा राहते आणि आवाज पोकळ येतो. आईनं भाकरी थापतात तसा सपाट हात चालवला. आप्पा कळवळले. "अगं, पाठ हाय, पीठ न्हाय!" "मग गप पडा की नीट," आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून हात खोलगट झाला. कफ सुटायचा. झाकणाच्या भांड्यात तो टाकायचा आणि रंग बघायचा, हे माझं काम. मला त्याची किळस वाटली नाही, उलट चुकाच जास्त असलेल्या वह्या तपासण्यापेक्षा ते बरं वाटलं.

अडचण झाली ती गोळीची.

पहिल्या दिवशी मी ओट्यावर पेल्यात पाणी घेतलं, गोळी टाकली, ती फसफसली, आणि स्वयंपाकघरात नासक्या अंड्याचा वास पसरला. गोळ्यांच्या नळीवर लिंबाचं चित्र होतं, पण लिंबू त्या वासापुढं काय करणार? आई देवघरातून पदर नाकाला लावूनच बाहेर आली.

"ह्यात अंडं हाय व्हय गं?"

मी सांगितलं, अंडं नाही, गंधक आहे. अंड्यातही गंधक असतं, म्हणून वास सारखा येतो. शाळेत हे वाक्य मी दरवर्षी सांगते आणि मुलांना ते पटतं.

"म्हंजे अंड्यातलंच हाय न्हवं?" आई म्हणाली.

मी पुन्हा समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. गोळी आप्पांनी खुशाल घ्यावी, पण घरात नाही. नळी, पेला, चमचा, सगळं परड्यात, मटणाच्या कोनाड्यात. त्या दिवसापासून माझे वडील रोज सकाळी चुलीशेजारी दगडावर बसून औषध घ्यायला लागले. गल्लीभर झालं, की आमच्याकडे अंड्याची गोळी आलीय. शेजारची आक्का तर विचारून गेली, कोंबडीची का बदकाची.

आप्पांनी मात्र पेला तोंडाला लावला आणि सरबत प्यावं तसा रिकामा केला.

"वास?" मी विचारलं.

"लिंबवाचा येतोय की. झकास हाय."

आईला चिडवायची संधी आप्पा सोडत नसत, म्हणून मी हसले. रोज तेच चालायचं. आई उंबऱ्यात नाक दाबून उभी, आप्पा चवीनं पिताहेत, वर "जरा घे गं, लई गार वाटतंय" म्हणताहेत. मला त्यांचं कौतुकच वाटलं. मी स्वतः गोळी टाकल्यावर दोन हात लांब सरकायची.

थंडी सरता सरता आप्पांची छाती बरीच मोकळी झाली. जिना एका दमात चढता येईना, पण मध्ये थांबून चढता येत होता. त्याच सुमारास वखारीचा मुनीम येऊन बसला. नवा माल लागलाय, मिश्रणाला या. मी डॉक्टरबाईंचं सांगितलं. तो म्हणाला, गोदामात नको, पेढीवर बसतील, नमुने तिथंच आणून देऊ, धूळ नाही काही नाही. आप्पा माझ्याकडे बघत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस परवानगीसाठी तोंडाकडे बघतो तेव्हा नाही म्हणवत नाही. मी मास्क लावायच्या अटीवर हो म्हटलं आणि स्कूटरवरून स्वतः घेऊन गेले.

मास्क हनुवटीवर आला, हे सांगायला नको. नाक झाकून नाकाचं काम कसं करणार?

मालक आतल्या खोलीत फोनवर होते, मुनीम आणखी नमुने आणायला गेला होता. टेबलावर कागदांवर तंबाखूच्या ढिगोळ्या मांडलेल्या. आप्पांनी पहिली चिमूट घेतली. बोटांनी चुरली, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला, उजेडात धरली. मग डोळे मिटून नाकाशी नेली आणि थांबले. फार वेळ थांबले. डोळे उघडून त्यांनी तळहात माझ्यापुढं केला.

"बघ गं. काय येतंय?"

मी लहान असताना ते असंच करायचे. वखारीतून येताना खिशातून चिमूटभर तंबाखू आणायचे आणि मला हुंगायला लावायचे. मी सांगायची: ओली माती, गुळाचा पाक, जुनी चादर. ते म्हणायचे, शाब्बास. तो आमचा खेळ होता. आता इतक्या वर्षांनी त्यांनी हात पुढं केला तेव्हा मला बरं वाटलं. मी वास घेतला आणि म्हटलं, "गुळाचा पाक. पण करपलेला."

"आणि ह्यात?"

"ओलं गोणपाट."

"व्हय," ते म्हणाले, आणि मुनीम आल्यावर त्याला सांगितलं, "ह्यो दुसरा भिजलाय. मिश्रणात घेऊ नका." मुनीमानं मान डोलावली. पुढच्या प्रत्येक ढिगोळीला तसंच झालं. मी सांगायची, आप्पा ते त्यांच्या भाषेत म्हणायचे. मुनीमानं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "पोरीला शिकवायलोय. विद्या संगट न्हेऊन काय करू?" मुनीम म्हणाला, चांगलं आहे.

परतताना हायवेच्या कडेला उसाच्या रसाच्या गाड्यावर आम्ही थांबलो. माझ्या डोक्यात तोवर हळूहळू शिरत होतं. परड्यातली गोळी. लिंबाचा वास. आणि देवघरातली उदबत्ती. गेल्या वर्षभरात, वखार चालू होती तेव्हापासूनच, आई सकाळी आप्पा घरात असतानाच उदबत्ती लावायला लागली होती, आणि आप्पा काही बोलत नव्हते. म्हातारपणी माणूस निवळतो, असं मी म्हटलं होतं.

"आप्पा, तुम्हाला वास येत नाही ना?"

"येतोय की."

मी रस पीत राहिले.

"कधी कधी येतोय," ते म्हणाले. मग पेला खाली ठेवला. "न्हाय येत."

"कधीपासून?"

"गेल्या साली सुगी सरली तवापासनं. आदी वाटलं पडसं हाय. कायबी येत न्हाय गं. भात करपला तरी कळत न्हाय."

मला त्यांचा राग आला. घरात कळू दिलं नाही, डॉक्टरला सांगितलं नाही, वर रोज लिंबाचं सरबत. ते मी बोलूनही दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"डॉक्टरबाईला सांगितलं आसतं तर तिनं कागदावर लिवलं आसतं. मग ते कुठंबी ग्येलं आसतं. वखारीत कळलं की बोलावणं बंद. मला दमाचं काय वाटत न्हाय. बोलावणं बंद झालं तर मी कोन?"

"आणि आईला?"

"तिला कळलं म्हंजे गल्लीला कळलं."

गोळी ते इतक्या निष्ठेनं का घेत होते, ते मला तेव्हा समजलं. आम्हाला वाटत होतं खोकल्यासाठी. डॉक्टरबाई म्हणाली होती, कफ सुटला की वाट मोकळी होईल. आप्पांनी त्या वाटेत आपलं नाकही मोजलं होतं, कारण नाकही त्याच वाटेवर आहे.

मी घरी येऊन डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अशा रुग्णांत नाकाचं दुखणं बरोबरीनं असतं, कानानाकाच्या डॉक्टरला दाखवा, फवारा देतील. वास परत येईल का ते सांगता येत नाही. ही गोळी छातीसाठी आहे, नाकाचं वचन तिनं दिलेलं नाही. आम्ही दाखवलं, फवारा आणला. आप्पांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"न्हाय म्हनली न्हाय न्हवं?" ते म्हणाले.

"नाही म्हणाली नाही."

"मग झालं."

सुगीभर मी शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर जात राहिले. काम चुकलं नाही. अर्धं त्यांच्या बोटांनी आणि डोळ्यांनी होत होतं, उरलेलं माझ्या नाकानं. पण गावात तोंडं असतात. कुणीतरी म्हणालं, नाक आता पोरीला विचारतंय. मुनीमानं मला सहज म्हणून विचारलं, "आप्पांची तब्येत बरी हाय न्हवं? वास-बीस?" मी बरी आहे म्हटलं आणि ते आप्पांना सांगितलं. त्यांचा त्या दिवशीचा चेहरा मला आवडला नाही. वर्षातलं सगळ्यात मोठं मिश्रण, ज्यावर पुढची सगळी विडी जाणार होती, ते अजून व्हायचं होतं आणि त्याचं बोलावणं आलं नव्हतं. ते रोज सकाळी अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून कट्ट्यावर बसायचे आणि गाडीचा आवाज आला की रस्त्याकडे न बघता पेपर वाचायचे.

बोलावणं आलं ते एकादशीला.

सकाळी मी शाळेचा डबा भरायला खाली आले, तर आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिच्यापुढं पेला होता, आणि तोही घरातला, परड्यातला नाही. तिनं तिच्या गुडघ्यांसाठीची कॅल्शियमची नळी उघडली, एक गोळी काढली आणि पेल्यात टाकली. तीही फसफसणारीच. पाणी त्या गोळीसारखंच पांढुरकं झालं. वास म्हणाल तर संत्र्याच्या गोळीचा, तोही पेल्यात नाक घातलं तर.

"तुझी गोळी दुपारी असते ना?" मी म्हटलं.

"ही माझी न्हाय. त्यांची."

मला कळेना. आईनं खालच्या आवाजात सांगितलं. एकादशीला मटणाच्या कोनाड्याला हात लावायचा नाही, हा तिचा नेम जुना. सासू होती तेव्हापासूनचा. आता कोनाड्यात गोळी आली, म्हणून काय नेम मोडायचा? पहिल्या एकादशीपासून, मी खाली यायच्या आत, ती आप्पांना स्वतःची गोळी देत आली होती. "दोनी फसफसत्यात. त्यांस्नी कुठं कळतंय? एका दिसानं काय हुतंय? तू गप ऱ्हा."

म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं. औषधात असा खेळ करत नाहीत, कॅल्शियमनं कफ सुटत नाही, हे सगळं बोलायला मी तयार होते. तेवढ्यात दारात गाडी थांबली. मुनीम आला होता. कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, मालकांनी पाठवलंय, आजच मिश्रण आहे, पण... त्या 'पण'नंतर तो चहाची चौकशी करायला लागला. मी दारातून आप्पांकडे बघितलं. ते ताठ बसले होते.

आई पेला घेऊन बाहेर आली. रोज परड्यात जाणारे आप्पा त्या दिवशी उठले नाहीत. तिथंच, मुनीमासमोर, त्यांनी पेला हातात घेतला.

"हीच व्हय ती अंड्याची गोळी?" मुनीम हसत म्हणाला. गल्लीची कीर्ती तिथवर गेली होती.

आप्पांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले, वखारीत मिटायचे तसेच. मग एकदम तोंड वाकडं करून पेला लांब धरला.

"थूत्! काय मारतोय गं वास ह्यो! अंडं, निव्वळ नासकं अंडं! मुनीम, माणसानं औषध तरी कसं घ्यावं सांगा."

मी उंबऱ्यात उभी होते. पेल्यात संत्र्याचं पाणी होतं. मुनीमाचा चेहरा खुलला. "बघू, बघू," म्हणत तो पुढं वाकला आणि त्यानं पेल्याकडे हात केला.

आईनं पदर नाकाला लावला. रोज लावते त्याहून घट्ट, दोन पदरी.

"आणा हिकडं ते!" तिनं पेला आप्पांच्या हातातून जवळजवळ हिसकावला. "एकादशी दिशी दारात अंडं! पावण्यासमोर काय ह्यो वंगाळपणा. मला हितं उभं ऱ्हावंना झालंय. परड्यात जाऊन प्या, हजारदा सांगितलंय." आणि ती पेला अंगापासून लांब धरून, मान दुसरीकडे वळवून, घरातून सरळ मागं गेली. मुनीम हात मागं घेऊन हसायला लागला. "आईसाहेब लई कडक," तो म्हणाला. आप्पा म्हणाले, "काय सांगायचं." आणि दोघं पुढं कामाचं बोलायला लागले.

मी मागं गेले. आई चुलीशेजारी उभी होती. पेला तिनं दगडावर ठेवला होता आणि पदर अजून नाकालाच होता, तिथं कुणी बघणारं नसताना. मी जवळ गेले तेव्हा दिसलं की ती रडत होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यांस्नी म्हनावं, येऊन पिऊन जावा. हाडाला तरी लागंल."

आप्पा येऊन ते सगळं प्याले. मी शाळेत फोन करून रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर वखारीला गेले. मिश्रण संध्याकाळपर्यंत चाललं, आणि मालक स्वतः उभे राहून बघत होते. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी खाली आले तेव्हा कोनाड्यातली नळी परड्यातून उचलून ओट्यावर, आईच्या नळीशेजारी, ठेवलेली होती. स्वयंपाकघरात नासक्या अंड्याचा वास होता आणि आई त्यातच भाकरी थापत होती. आप्पा टोपी घालून, चपलांशी उभे होते. देवघरात समई होती, फुलं होती. उदबत्तीच्या घरात कालची राख होती, नवी काडी नव्हती.

आप्पांनीही तिकडं बघितलं.

"उदबत्ती न्हाय लावलीस?" ते म्हणाले.

"आत्ता कशी लावू?" आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "तुमी वखारीला निघालाय न्हवं. ग्येल्यावर लावते."